ऑप्शनला टाकलेला सातवा धडा

ज्ञानाचा झरा गुरूकडून शिष्याकडे अखंड वाहत असतो, असे सर दरवर्षी निरोप समारंभात सांगत. वाहताना तो सातव्या धड्याला वळसा घालून जातो, हे मात्र सांगत नसत.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. पुस्तकातला सातवा धडा प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा. परीक्षेत आठ प्रश्नांपैकी कोणतेही पाच सोडवायचे असत, त्यामुळे तो ऑप्शनला टाकायची रीत होती. सहावा संपला की सर हातावरचा खडू झटकत आणि म्हणत, "सातवा घरी वाचा. सोपा आहे." मग आठवा सुरू. आजवर एकाही विद्यार्थ्याने तक्रार केली नव्हती. विद्यार्थी एरवी इतके समजूतदार नसतात.

घडी विस्कटली ती घरातूनच. सरांची लेक त्यांच्याच वर्गात शिकलेली. उरलेले शिक्षण आता ती परदेशातल्या विद्यापीठात पुरे करणार होती. तिकडून कळवले गेले की तुमचा पदार्थविज्ञानाचा विषय आम्ही धरू, पण त्यात ध्रुवीकरण शिकवले आहे, असे शिकवणाऱ्याने लिहून द्यावे. नाहीतर पहिले वर्ष पुन्हा.

"बाबा, एक सही हवीये," लेक म्हणाली.

सरांनी मजकूर वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"न शिकवलेलं शिकवलं म्हणून कसं लिहू?"

"घरी वाचा म्हणाला होतात की."

"मग वाचलंस?"

"सोपा आहे म्हणालात, म्हणून राहिला."

"गैरहजर पोरांच्या हजेऱ्या लावताना बरं पेन चालतं तुमचं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ती दया असते. हे खोटं आहे."

"मग शिकवा आता," लेक म्हणाली. "मी कुठं पळून चाललेय? म्हणजे, चाललेय, पण तिकीट काढायचंय अजून."

उपाय इतका सरळ होता की सरांना घाम फुटला. सातवा धडा त्यांना स्वतःलाही येत नव्हता. त्यांनीही तो ऑप्शनलाच टाकला होता. त्यांनी पुस्तक काढले. पानांच्या कडेवर बोटांच्या मळाची करडी छटा, आणि मध्येच एक पांढराशुभ्र पट्टा. तो सातवा. उभ्या फटीतून गेलेली लहर आडव्या फटीत अडते, इथवर येऊन सरही अडले.

शेवटी ते मोठ्या सरांकडे गेले. मोठे सर म्हणजे सरांचे सर. गॅलरीत पायांवर ऊन घेत बसले होते. त्यांना पाहताच सरांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला.

"सर, एक शंका होती. सातव्यातली."

मोठ्या सरांनी पाय सावलीत ओढून घेतले.

"तो मी घरी वाचायला सांगितला होता ना?"

"हो सर."

"वाचला नाहीस?"

"नाही सर."

"बरं केलंस. वाचून उमगत नाही. मी पाहिलाय वाचून." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आमचे सरही सहाव्यावरून थेट आठव्यावर जायचे. पण काय सुरेख जायचे रे. कळायचंसुद्धा नाही."

मोठ्या सरांनी पाय पुन्हा उन्हात पसरले.

"कधी शिकवतोयस?"

"संध्याकाळी."

"मागचा बाक धरून ठेव माझ्यासाठी."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलापाशी वर्ग भरला. लेक पुढे, मोठे सर मागे, म्हणजे फ्रिजला टेकून. सरांनी आवाज लावला, वहीत फटी काढल्या, लहर सोडली. लहर अडली.

"सर, नाही कळलं," लेक वर्गातल्या सवयीने म्हणाली.

"मलाही नाही," फ्रिजकडून आवाज आला.

तेवढ्यात आई बाहेरून आली ती फोन नाचवतच. "हा परत काळा पडतोय. आडवा धरला की संपलं."

"बॅटरी," सर मान वर न करता म्हणाले. हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यापायी दोन फोन बदलून झाले होते.

"अहो, गॉगल काढला की दिसतंय. घातला की गडप."

सरांच्या हातातले पेन थांबले. त्यांनी उठून तिच्या नाकावरचा गॉगल काढला आणि स्वतः घातला. फोन उभा धरला, दिसले. आडवा धरला, काळोख. पुन्हा उभा, पुन्हा आडवा.

"गॉगलची काच, उभी फट," ते पुटपुटले. "आडवा फोन, आडवी फट."

गॉगल लेकीकडे गेला, तिथून मोठ्या सरांकडे. ते काही तो परत देईनात.

"एवढंच होतं?" मोठे सर म्हणाले. गॉगलमागे त्यांच्या डोळ्यांत काय चालले होते, ते दिसले नाही.

"एवढंच," सर म्हणाले. "सोपा आहे, म्हणत होतोच मी."

"आणि माझे दोन फोन?" आईने विचारले. अख्ख्या वर्गाने वहीत डोके घातले.

धडा तसा एका संध्याकाळचा. सरांनी तो आठवडाभर पुरवला. सही झाली की लेक जाणार, हे त्यांना कळत होते. तिलाही कळत असावे, कारण तिला रोज एक नवी शंका निघे. शेवटी मोठे सरच म्हणाले, "कर रे बाबा सही. पोरीचं विमान ऑप्शनला टाकशील." सरांनी सही केली. कुठे शिकवले, हे कुणी विचारले नव्हते.

लेक गेली. मग एका रविवारी तिचा चेहरा आईच्या फोनवर उगवला.

"बाबा, इथले सर म्हणाले, ध्रुवीकरण मागच्या वर्षी झालंच असेल, पुढे जाऊ. वर्गात कुणालाच येत नव्हतं. फक्त मला."

सर खुर्चीत ताठ बसले. त्यांनी वर्गातला आवाज लावला. "मग त्यांना सांग, उभी फट..."

पडदा काळा झाला.

"फोन उभा धर," सर आईला अधिकारवाणीने म्हणाले. "ध्रुवीकरण आहे ते. आणि आधी तो गॉगल काढ."

"गॉगल तुमच्या लेकीनं नेलाय," आई म्हणाली.

बॅटरी संपली होती.