ऊन पडलेला दगड

आमच्या शेजारच्या गावंडेभाऊंना कोणी "नमस्कार" म्हटलं की ते आधी वर आभाळाकडे बघतात आणि मग "हो, नमस्कार" म्हणतात. माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला हा गृहस्थ पंगतीत बसला आणि मठ्ठा वाढणाऱ्या पोराला म्हणाला, "आज सप्तमी हाय बाप्पा. अर्ध्या चंद्रावर खड्डे जसे उठून दिसते, तसे पुनवेले नाही दिसत." पोरगं घाबरलं आणि त्यानं भाऊंच्या वाटीत दोनदा मठ्ठा ओतला. तेरवी कोणाची, निमित्त काय, याच्याशी भाऊंना घेणंदेणं नव्हतं.

मी अमरावतीत तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. चंद्रकला, भरती-ओहोटी, ग्रहणं, सगळं फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. आणि आता निवृत्तीनंतर एसटी स्टँडावरचा एक माजी कंट्रोलर मला चंद्र समजावून सांगतो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचंही डोकं फिरलं असतं.

भाऊंची सगळी नोकरी माईकसमोर गेली. अकोला गाडी कुठे लागली, वरूड गाडी किती वाजता सुटणार, हेच ओरडत. आवाज तसाच राहिला आहे. गच्चीतून बोलले की चार घरांत कळतं. चंद्राबद्दलही ते गाडीसारखंच बोलतात. "चंद्र रोज पन्नासेक मिनिटं लेट येते. पण सांगून लेट येते. आपल्या गाड्यायचं तसं नव्हतं."

दीड वर्षापूर्वी अकोल्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्यांनी जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स घेतली, आणि कॉलनीच्या मागे साडेसाती लागली. कोजागिरीला सगळे मोबाईल वर करून फोटो काढत होते, तर हे प्रत्येकाच्या फोनमध्ये डोकावून निकाल देत फिरले. "हा चंद्र हाय काय? हा तं दह्यातला गिला वडा झाला." माझ्या फोटोला तर त्यांनी चक्क बल्ब म्हटलं. मग दुधाच्या पातेल्याजवळ उभं राहून भाषण. "चंद्र म्हंजे काय? ऊन पडलेला दगड. आता भर दुपारी वावरात दगडाचा फोटो काढाचा असला तं तुमी रातीचं सेटिंग लावान काय? आभाळ काळं दिसते म्हणून कॅमेरा फसते अन् उजेड वाढवते. तुमी फसू नोका. आयएसओ शंभर, अॅपर्चर अकरा, शटर सव्वाशे. फोकस हातानं. स्टँडवर कॅमेरा, दोन सेकंदाचा टायमर, अन् श्वास रोखून धराचा."

मी विचारलं, "भाऊ, टायमर लावल्यावर श्वास कशाला रोखायचा?"

"रोखाचा," ते म्हणाले. दूध तोवर उतू गेलं होतं.

त्या दिवसापासून रोज कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचा चंद्र येतो. खाली तिथी आणि सेटिंग. ढग असले तर "ढगामुळे सेवा खंडित". लोकांनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला. दगड तोच, ऊन तेच, रोज त्यात नवीन काय बघायचं, असं मी एकदा तोंडावर म्हटलं. त्यांनी मला शुक्ल तृतीयेचा आणि चतुर्थीचा फोटो शेजारी-शेजारी धरून दाखवला. मला काडीचा फरक दिसला नाही, आणि ते माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसे बघत राहिले.

कॅमेरा यायच्या महिनाभर आधी त्यांच्या मंडळी, कुसुमवहिनी, अकोल्याला लेकीकडे गेल्या होत्या. भाऊ म्हणाले, नातीची शाळा आहे, लेक एकटी पडते. वहिनी काही परतल्या नाहीत. कॉलनीत बोलणं झालं की चंद्रापायी बाई कंटाळून गेली, असल्या माणसाजवळ कोण राहील. हे पहिल्यांदा कोण बोललं, तर मीच. पारावर बसून बोललो आणि लोक हसले, मलाही बरं वाटलं.

यंदाच्या गणेश चतुर्थीला दुपारी आमच्याकडे गणपतीचा नैवेद्य झाला आणि भाऊ दारात उभे. कॅमेऱ्याची बॅग गळ्यात.

"मास्तर, आज तुमची गच्ची पायजे. चौथीचा चंद्र पश्चिमेले खाली राहते, आठ-साडेआठले मावळते. यंदा माह्या गच्चीसमोर ते चार मजली बिल्डिंग उभी झाली. मले दिसत नाही."

माझी बायको सुमन मोदकाचं ताट घेऊन बाहेर आली होती. ती जागीच थांबली. या दिवशीचा चंद्र बघू नये, चोरीचा आळ येतो, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. संध्याकाळी पोरं खाली मान घालून आरतीला जातात.

"काहून भाऊजी," ती म्हणाली, "वर्षभराचे चंद्र पुरले नाहीत काय तुमाले? अन् तो बी आमच्या गच्चीवरून?"

"मी नाही पाहत वहिनी. कॅमेरा पाहते."

"मग आळ कॅमेऱ्यावर येईल," मी म्हणालो. भाऊ हसले नाहीत. एरवी हा माणूस भांडतो, चार उदाहरणं देतो. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "मास्तर, नाही म्हणू नोका. हा चुकला तं पुढच्या वर्षी काय होईल, मले सांगता येत नाही."

सुमनला काय वाटलं कोण जाणे. तिनं अट घातली की मी सोबत राहायचं, पण चंद्राकडे पाठ करून. मी हो म्हटलं. तीस वर्षं ग्रहणाच्या अंधश्रद्धेवर पोरांना झाडणारा मी, साडेसातला आरती आटोपून आपल्याच गच्चीत पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो. पाण्याची टाकी बघत.

मागे खुडबुड चालली होती. पश्चिमेला ढग होते. भाऊ तोंडानं सेटिंग म्हणत होते. "चौथीचा कमजोर राहते. सव्वाशे नाही चालत. शटर साठ. आयएसओ दोनशे." मग "गेला." मग "थांबा थांबा." मग पुन्हा "गेला." डास चावत होते, खाली मोदक थंड होत होते, आणि माझा पारा चढला.

"भाऊ, उद्या पंचमीचा काढा ना. एका दिवसानं काय बिघडतं?"

"उद्याचा कामाचा नाही. आजचाच पायजे."

"कोणाला पाहिजे? ग्रुपवर तुमचे फोटो कोणी उघडत नाही. मी तर न बघताच पुसून टाकतो." बोललो ते बोललो. दोन सेकंदांनी मागून कॅमेऱ्याचा आवाज आला, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.

"भेटला," ते म्हणाले. फोटो फोनमध्ये घेऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "वैशूले पाठवून द्या. मले बटन नाही दाबल्या जाऊन राह्यलं."

वैशू म्हणजे त्यांची अकोल्याची लेक. तिच्या नावावर दीड वर्ष रोजचा एक चंद्र गेलेला दिसत होता. प्रत्येकाखाली तिचं उत्तर होतं. "आई बोलली, पंचमी." "आई बोलली, एकादशी." मी फोटो पाठवला आणि त्यांच्याकडे बघत राहिलो.

"तिले आता काही आठवत नाही मास्तर," भाऊ हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "इथंच सुरू झालं होतं. दोनदा घराचा रस्ता चुकली. मी लपवलं. वैशू घेऊन गेली, तिथं डॉक्टर हाय, ती स्वतः नर्स हाय. मागच्या महिन्यात भेटाले गेलो तं मले म्हणे, तुमी कोण्या गावचे पाहुणे? पण चंद्र दाखवला का तिथी सांगते. एक बी चुकली नाही आजवर. आयुष्यभर उपास केले ना तिनं चंद्र पाहून. तेवढं उरलं तिच्यापाशी. पण फोटो साफ पायजे. ढगुळ असला का घाबरते, म्हणते डोळे गेले माहे."

"मग आजचाच का?" माझ्या तोंडून निघालं.

"आजच्या दिवशी लय चिडे माह्यावर. छत्तीस वर्षं चिडली. मले वाटलं, दुसरं नाही तं नाही, हा पाहून चिडन."

आम्ही वाट बघत उभे राहिलो. फोन वाजला आणि मीच तो स्पीकरवर टाकला. वैशूचा आवाज आला, "बाबा, बोलू नोका, ऐका फक्त." मग ती आईला विचारत होती, "आई, हा कोणता?"

पलीकडून पंख्याचा आणि कुठल्यातरी आरतीचा आवाज येत होता.

"चौथ," कुसुमवहिनी म्हणाल्या. मग एकदम आवाज चढला. "भादव्याची चौथ. कोणं पाह्यला आज? अवं वैशू, ते आले काय ड्युटीवरून? त्यायले सांग, स्टँडावरून येतानी खाली मान घालून येत जा म्हणा. किती डाव सांगतलं. ऐकतच नाही बाई हा माणूस."

भाऊंनी फोनजवळ तोंड नेलं. "हो," ते म्हणाले. "खाली पाहूनच येतो."

"मंग ठीक हाय," पलीकडून आवाज आला, आणि वैशूनं फोन ठेवला.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. ठेवता आला नाही. दीड वर्ष ज्या माणसावर खोटा आळ घेऊन मी पारावर हशा मिळवला, त्याला हात लावायची मला लाज वाटली. भाऊंची मान खाली होती. कॅमेरा अजून पश्चिमेकडे तोंड करून उभा होता आणि ढग पार बाजूला झाले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "सामान तुमी आवरता काय? मी आता वर पाहत नाही."

आणि जिन्याचा कठडा धरून, खाली बघत, ते एकेक पायरी उतरून गेले. मी पश्चिमेकडे वळलो आणि कॅमेरा स्टँडवरून काढायला लागलो.