ऑइल कूलरवरचा नमदा

आकबेलच्या उन्हाळी कुरणावरची एटीव्ही चढाला तापते, ही बाब कुरण समितीने गांभीर्याने घेतली होती. चार जाड चाकांची ही गाडी आजाऱ्यांना खिंडीपलीकडच्या दवाखान्यात नेण्यासाठी आणलेली. आजवर तिने प्रत्येक आजाऱ्याला अर्ध्या वाटेपर्यंत न चुकता पोहोचवले होते.

उल्कन अपांची सून कानिशाय हिचे दिवस भरत आले होते आणि त्या पोटाने घोड्यावर बसणे शक्य नव्हते. म्हणून अपा बैठकीला जातीने हजर राहिल्या.

युर्टच्या गोल तंबूत किमीजचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे फिरले. अध्यक्ष तोपचुबेक यांनी विषय मांडला, "ऑइल कूलरमध्ये फेरफार करायचा की नाही?"

"इंजिनाचं तेल वाऱ्याने गार होतं, तोपचुबेक बाइके, आणि कूलरला वारा लागत नाही," गाडी चालवणारा आणि दुरुस्त करणारा सागिन म्हणाला.

"का लागत नाही?"

सगळ्यांची नजर दाराबाहेर गेली. गाडीच्या नाकावर, नेमका कूलर झाकून, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढलेला लोकरीचा नमदा लटकत होता. गाडी आली त्या दिवशी कुरणातल्या सगळ्यांत वडील बाई म्हणून अपांनी तो भेट दिला होता. मग सगळ्यांच्या नजरा आपापल्या वाडग्यात गेल्या.

"हल्ली डोंगरावर वाराच कमी झालाय," तोपचुबेक म्हणाले.

"हवामान बदललंय," सागिन म्हणाला. "कूलर मोठा लागेल."

अपांना कोलखोजचे, सामूहिक शेतीचे दिवस आठवले. तेव्हाही नव्या ट्रॅक्टरच्या तोंडावर लाल कापड ताणून बांधले होते, तोही तापला होता, आणि ड्रायव्हर बदलला होता. पण त्या ट्रॅक्टरला ओढून आणणारे घोडे काय घोडे होते! तसे घोडे आता राहिले नाहीत.

"अरे, नमद्याचं ओझं तर होत नाही ना गाडीला?" त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"काहीतरीच काय, अपा!" तोपचुबेक म्हणाले. "उद्या म्हणाल, टोपी काढा, डोकं तापतंय!"

दिलेली भेट परत मागू नये आणि वडिलांची भेट उतरवू नये, हे दोन्ही नियम आकबेलला पाठ होते. अपांनी किमीजचा वाडगा तोंडाला लावला.

मोठा कूलर आला. त्यावर जुना नमदा तोकडा दिसू लागला. अपांचा असा अपमान बरा नव्हे, म्हणून बायकांनी त्याला चहूबाजूंनी जोड दिला. गाडी आता पायथ्यालाच तापू लागली. समितीने पंखा बसवला. पंख्यात नमद्याचे गोंडे अडकले, तेव्हा गोंड्यांच्या वेण्या घालण्याचा ठराव एकमताने संमत झाला.

भर दुपारी कानिशायला कळा सुरू झाल्या. तिला आणि अपांना घेऊन सागिनने गाडी काढली. पहिल्याच वळणावर गाडीतून धूर निघाला.

"सागिन, काढ तो नमदा!" अपा ओरडल्या.

"मी? हात झडतील माझे! तुमची भेट आहे."

"मग मीच काढते."

"दिलेलं परत घेणार? तेही नातवंडाच्या जन्माच्या दिवशी?"

अपांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"तुमचं ठरू द्या सावकाश," कानिशाय दात आवळून म्हणाली. "मी बाळाला सांगते थांबायला." तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने एकदा सासूकडे पाहिले, एकदा गाडीकडे. "अपा, मला थंडी वाजतेय. काहीतरी पांघरायला द्या."

कुडकुडणाऱ्याला पांघरूण नाकारावे, असा नियम आकबेलमध्ये नव्हता. सागिनने क्षणात नमदा उतरवून तिच्या अंगावर टाकला. खिंडीतला वारा थेट कूलरवर आला. धूर विरला, गाडी निघाली, आणि नात स्वच्छ पलंगावर जन्मली.

समितीने अभिनंदनाचा ठराव केला: ऑइल कूलरमधील फेरफार पूर्णपणे यशस्वी.

"पण अपा," तोपचुबेक म्हणाले, "नमदा तर बाळंतिणीकडे गेला. इतका गुणी कूलर उघडा ठेवायचा? बरं दिसत नाही. नवा करावा म्हणतो. तुम्ही नको म्हणाल, तर राहू दे."

अपा नको म्हणणारच होत्या. पण सगळे युर्ट त्यांच्याकडे आदराने पाहत होते.

"किनारीला लाल जरा जास्त घ्या," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी फिकी वाटत होती."

वाचकांनी खुशाल हसावे. फक्त हसण्याआधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरचे प्लास्टिक काढून ठेवावे. बटणे नीट दाबली जात नाहीत म्हणून मागच्याच महिन्यात त्यात नवे सेल घातलेत ना?