फोटोमागची माहिती

किसनभाऊंना घरातल्या नव्या सुनेचा फोटो दाखवा. ते सुनेकडे बघणार नाहीत. "फ्लॅश मारला व्हता का?" एवढंच विचारतील.

राजुरीत डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते आणि आमच्या घरी कॉम्प्युटर. शेजारच्या भाऊंना कुणीतरी दाखवून दिलं, की फोटोवर उजवं बटण दाबलं की कॅमेरा कुठला, शटर किती, तारीख कोणती, सगळं निघतं. झालं! टोमॅटो वाऱ्यावर सोडून भाऊ माझ्या खुर्चीत येऊन बसू लागले. मी माझ्याच घरात स्टुलावर.

माझ्या मुलाच्या बारशाचे फोटो लावले. पोर आजीवर गेलंय की आत्यावर, यावर बायकांची जुंपली. भाऊंनी निकाल दिला, "शटर लई हळू. पोरगं हाललंय." बाळाचं इतकं मनापासून कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही.

"फोटू खोटं बोलंल राव, माहिती न्हाई बोलायची," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्याचा पहिला बळी आमचा सदा. परवाच भीमाशंकरला जाऊन आलो म्हणून त्यानं ऐटीत फोटो दाखवला. भाऊंनी बटण दाबलं. "आरं, ह्यो तर मागल्या श्रावणातला!" मग परवा सदा नेमका कुठं होता, हे विचारायला त्याची बायको तिथंच उभी होती. समाजसेवा उरकल्याच्या समाधानात भाऊंनी चहा मागितला.

भाऊंचा मुलगा कॅनडात. त्याचा मेल माझ्याकडे यायचा, तोही कधीमधी. एकदा बऱ्याच महिन्यांनी आला : 'काल इकडे खूप बर्फ पडला. फोटो पाठवतोय.' मी हाक मारली. भाऊंच्या मागोमाग काकूही पदराला हात पुसत धावत आल्या. भाऊंनी सवयीनं आधी माहिती उघडली.

तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. मीही वाचली. काकूंना ते इंग्रजी आकडे कळत नव्हते.

"काय लिव्हलंय ओ त्यात?"

भाऊंनी ती चौकट बंद केली. "कालचाच हाय."

काकू पडद्याजवळ सरकल्या. मुलाच्या गालाच्या जागी काचेवर बोट टेकवलं. "अवो, औंदा दिवाळीला मी विणून धाडलेला स्वेटर घातलाय का त्यानं? मला तर दिसंना."

भाऊ पुढे वाकले, पार नाक काचेला लागेपर्यंत. बराच वेळ बघत राहिले.

"घातलाय की," ते म्हणाले. "जाकिटाच्या आत हाय."