वाघमारे सरांचा बंदोबस्त

वाघमारे सर औषधाची बाटली हलवायला लागले, की राणीसावरगावच्या आमच्या शाळेतली पोरं दप्तरं आवरायला लागायची. शेवटची घंटा द्यायला शिपाई एखादे वेळी विसरायचा, पण सरांची बाटली कधी चुकली नाही.

शबनम पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती बाटली निघायची. सर ती दोन्ही हातांनी ताक घुसळल्यासारखी हलवायचे, बूच काढून वास घ्यायचे आणि मान वर करून ते पांढरं घट्टसर औषध घशात सोडायचे. मग डोळे मिटून बसायचे. मिशीला पांढरी कड लागलेली असायची. एवढ्यात कुणी काही विचारलं, तर नुसतं एक बोट वर करायचे. थांबा, असा त्याचा अर्थ. बोट खाली आलं, की म्हणायचे, "झाला बंदोबस्त. हां, बोला आता."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडं पित्त झालं, तर माणूस पाण्यात खायचा सोडा टाकून प्यायचा, ढेकर द्यायचा आणि कामाला लागायचा. वाघमारे सरांचं तसं नव्हतं. त्यांचं औषध थेट परभणीहून यायचं. एस.टी.चा कंडक्टर बाटली कागदात गुंडाळून, मांडीवर घेऊन आणायचा. छातीतल्या जळजळीला ते 'साहेब' म्हणायचे. "आज साहेब मुक्कामाला हायत," म्हणजे थोडं बरं. "साहेब दौऱ्यावर निघाले, पार घशापोतर," म्हणजे आज सरांच्या वाटेला जाऊ नये. आणि साहेब दौऱ्यावर निघाले म्हटल्यावर बंदोबस्त आलाच.

बाटलीखेरीज चघळायच्या गोळ्याही असत. त्यांना पेपरमिंटचा वास. सर भूगोल शिकवायचे, आणि आमच्या शाळेतल्या एका पिढीला अजूनही नकाशा उघडला की पेपरमिंटचा वास येत असणार. ते राहायचे माझ्या शेजारच्या खोलीत, एकटेच. त्यांच्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा होत्या. डोकं उंच राहिलं, की आंबट पाणी वर चढत नाही म्हणे. रात्री सर उशाला निजायचे आणि सकाळी खाटेच्या पायथ्याशी गोळा झालेले सापडायचे. विटा मात्र त्यांनी काढल्या नाहीत.

आता सरळ सांगून टाकतो. मला या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटभर.

कारण आवतणं. गावातली दोन-चार मोठी घरं सोडा, त्यांचं वागणं निराळं होतं. पण बाकी कुणाकडं बारसं असो, शेतात हुरडा असो, की दर्ग्याला नवसाचा बोकड कापून कंदुरी केलेली असो, पहिलं आवतण वाघमारे सरांना. निरोप्या त्यांच्या दारात उभा राहून सगळं सांगायचा आणि जाताजाता म्हणायचा, "अन् कदम सरांलाबी घेऊन या." कदम सर म्हणजे मी. नोकरीत मी त्यांच्याहून जुना, गणित शिकवतो, दिसायलाही बरा. आणि मी कायम 'अन्'च्या पुढं.

पोटाचं म्हणाल, तर माझं पोट लोखंडी. रात्री कंदुरी आणि सकाळी शिळी भाकरी खाऊनही मी घोड्यासारखा. माझ्यासारख्या माणसाला जेवायला बोलावलं तर अन्नाचं सार्थक होईल, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. जेवताना मी एखादी सूचना करतो, हे खरं आहे. मीठ जरा कमी पडलंय, भाकरी आणखी एक शेक घेती तर बरं झालं असतं, असं. चांगल्या मनानं सांगतो. वाघमारे सर सूचना करत नसत. ते जेवत. तिखटानं कान लाल व्हायचे, टाळूवरून घाम निथळायचा, डोळ्यांना पाणी, आणि तशात ते ताट पुढं सरकवून म्हणायचे, "वाढ माय, हात कामून आखडायलीस?" वाढणारी बाई अशी फुलायची, की विचारू नका.

माझ्या घरीही तेच. आमची ही एकदा भांडी आवरताना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "वाघमारे भाऊजी जेवून गेले, की स्वयंपाक केल्यासारखा वाटतो." लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत मी काय गवत खात होतो की काय, हे मी विचारलं नाही. पण ते वाक्य मला अजून पाठ आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. शाळेत आणि बाजारात आपल्या पित्ताची दवंडी पिटणारा हा माणूस दुसऱ्याच्या घरी गेला, की पोटाचं नावसुद्धा काढायचा नाही. वाटेत एखाद्या लिंबाच्या आडोशाला उभं राहून औषधाचा घोट घ्यायचा, मिशी पुसायची, बाटली पिशवीच्या तळाशी ढकलायची आणि हसत उंबरा ओलांडायचा. मी म्हणायचो, हा पक्का लबाड आहे. लोकांना खूश ठेवायची युक्ती साधलीय त्याला.

मग एकदा त्यांचं दुखणं फारच वाढलं. सर रजा काढून परभणीच्या डॉक्टरकडं जाऊन आले, ते उतरलेल्या तोंडानं. म्हणाले, "डॉक्टर म्हणला, तिखट बिलकुल बंद. न्हाईतर आत जखम व्हईल, रक्त पडंल." मला वाईट वाटलं. पण वाईट वाटायच्या आधी, खोटं कशाला बोलू, मनात दुसराच विचार येऊन गेला. आता आवतणं माझ्याकडं येणार.

दिवाळी झाली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची बांधाबांध चालू होती. आमच्याकडं रीत अशी, की गाव सोडायच्या आदल्या दिवशी गुरुजीला जेवू घालायचं. लेकरू आजीपाशी राहणार, तर शाळेत त्याच्याकडं लक्ष असू द्या, एवढंच त्या जेवणातलं मागणं. गावाच्या टोकाला राहणाऱ्या गयाबाईनं आम्हाला बोलावलं. म्हणजे वाघमारे सरांना, अन् मला.

दुपारचं ऊन होतं. गयाबाईनं आमच्यासाठी घोंगडी अंथरली होती. अंगणात फिरणारी एकुलती एक कोंबडी आज दिसत नव्हती, आणि आतून रश्श्याचा असा वास येत होता की मी मांडी आणखी घट्ट घातली. तिनं ज्वारीच्या भाकरी ठेवल्या, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि रश्श्याचं पातेलं घेऊन आली. वर बोटभर लाल तेल. सरांनी ताट पुढं केलं.

आणि मी बोललो. "अहो गयाबाई, सरांना ते देऊ नका. त्यांना पित्ताचा आजार आहे, पोट बरं नाही त्यांचं. त्यांना ताक असेल तर द्या. तो रस्सा आणा इकडं."

गयाबाईचा हात हवेतच थांबला. तिनं सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "असं व्हय," एवढंच म्हणाली. तोंड एकदम विझलं. जणू हे बोलणं तिनं आधी कधीतरी, कुणाकडून तरी ऐकलं होतं. पातेलं तसंच धरून ती उभी राहिली. पुढं येईना की आत जाईना.

"कुणाला पित्त?" वाघमारे सर इतक्या जोरात हसले की मी दचकलो. "माय, हे कदम सर मस्करी करायलेत. समदा रस्सा ह्यांला एकट्यालाच पाहिजे. तू वाढ. अन् वरून तेल घे, तळाचं नको देऊ."

तिनं वाढलं. त्यांनी खाल्लं. ठेचा मागून घेतला. पुन्हा रस्सा घेतला. मी त्यांना पुष्कळदा जेवताना पाहिलंय, पण त्या दिवशी मला भीती वाटली. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. गयाबाई मात्र पुन्हा फुलली होती. निघताना तिनं लेकीचा हात सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी जेवलात, माझं समदं पावलं."

वस्ती मागं पडली, तसे सर एका बाभळीखाली मटकन बसले. कपाळ ओलंगच्च. बाटलीचं बूच त्यांना निघेना, ते मी काढून दिलं. होतं तेवढं औषध त्यांनी संपवलं आणि डोळे मिटले. मला राहवेना.

"अहो, मरायचंय का तुम्हाला? एक शब्द बोलायला काय झालं होतं? खोटं तर नव्हतं ना? खरंच पोट बिघडलंय तुमचं!"

त्यांनी बोट वर केलं. बराच वेळ बोट खाली आलं नाही. आलं तेव्हा ते बंदोबस्ताचं काही बोलले नाहीत.

"कदम सर," ते म्हणाले, "पेडगावला गावाबाहेर आमची वस्ती होती. आमी बौद्ध व्हायच्या आधीची गोष्ट हाय. कामानिमित्त कुणी शिकलेला माणूस घराकडं आला, की आई म्हणायची, दोन घास खाऊन जा. पटवारी म्हणायचा, पित्त झालंय. दुकानाचा मुनीम म्हणायचा, पोट बरं न्हाई. टोचायला आलेला डॉक्टर, त्याचंबी पोट बरं न्हाई. मला वाटायचं, शिकल्यावर माणसाचं पोट बिघडतच असंल. लय भ्यायचो मी. म्हणायचो, पुढं शिकलो तर माझंबी बिघडतंय."

ते हसले. मीही हसलो, आणि मग हसू तोंडावर तसंच राहिलं.

"चौथीत पहिला आलो. गुरुजी आपल्या पायानं घरी आले सांगायला. भला माणूस. मला मारलं न्हाई कधी. आईनं शेजारून गूळ आणून गोडाचं केलं. ताट आणलं. गुरुजी म्हणले, आज पोट बरं न्हाई हो. आईला खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यात ओवा बांधून माझ्याजवळ दिला. म्हणली, गुरुजीला दे, गरम पाण्यासंगं घ्या म्हणावं. गुरुजींनी घेतला. मी पाठ फिरवली, अन् दारातून वळून बघितलं, तर ते पुडकं खिडकीतून भाईर टाकायले होते. तव्हा कळलं मला."

"आणि आईला?"

"आईला सांगितलं, गुरुजींला आराम पडला. लय खूश झाली." त्यांनी रिकामी बाटली फडक्यात गुंडाळली. "अन् आता बघा गंमत. माझं पोट खरंच बिघडलं. शाळेत सांगतो, बाजारात सांगतो, सगळ्या जगाला सांगतो. पण पुढ्यात ताट आलं, की ते शब्द तोंडातून निघत न्हाईत. मी खरं बोलंन हो. पण ऐकणारीला ते कसं ऐकू येतंय, ते मला म्हाईत हाय."

मला त्या गुरुजीचा संताप आला. एवढी वर्षं मी ज्या लबाडीवर जळत होतो, ती कसली लबाडी होती हे आता कळलं. मी म्हणालो, "मला एकदा तुमच्या आईकडं जेवायला न्या."

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "तिचं तिखट लय असतंय."

"असू द्या."

पुढच्या सुट्टीला आम्ही पेडगावला गेलो. आई बारकीशी, कमरेत वाकलेली, पण हाताला चलाख. दोन पाट मांडलेले. सर पाटावर बसायच्या आधीच मोठ्यानं ओरडले, "आई, मला तिखट नको गं! छातीत आग पडायलीय, घशापोतर आंबट आलंय. मला दूधभाकर दे." साताठ वर्षांत कुठल्याच घरात न उच्चारलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. मी बघतच राहिलो. भूगोलाचे मास्तर पाय आपटायचेच काय ते बाकी होते.

"आणते रे. बोंबलू नको," आई आतून म्हणाली.

पण आधी ती माझ्यासाठी ताट घेऊन आली. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. ताट हातातच धरून ती जरा लांब थांबली आणि हळूच विचारलं, "गुरुजी, पोट बरं हाय न्हवं तुमचं?"

शेजारी वाघमारे सर माझ्याकडं बघायला लागले.

"एकदम बरं आहे, आई," मी म्हणालो. "भूक लागलीय. वाढा."

तिनं ताट ठेवलं आणि माझ्यासमोरच बसली. मी एक घास घेतला की तिची नजर माझ्या हाताबरोबर वर जायची आणि खाली यायची. भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. तिसरी पडली. भाजी जहाल होती, माझ्या लोखंडी पोटालासुद्धा. पण मी जेवत राहिलो.

"आई, दूध!" सर पुन्हा ओरडले. "हितं जीव जळायलाय माझा."

"जळू दे जरासा," माझ्या ताटावरची नजर न काढता ती म्हणाली. "आधी गुरुजीला पोटभर जेवू दे."

सगळ्या पंचक्रोशीत ज्यांना पहिलं वाढलं जायचं, ते वाघमारे सर आपल्या आईच्या घरी रिकामी वाटी घेऊन मागं राहिले होते. आणि माझ्या ताटाकडं बघताना त्यांच्या तोंडावर इतकं सुख होतं, की मला त्यांचा पुन्हा हेवा वाटला.