महाजन सरांचे तीन पाहुणे

आमच्या बुऱ्हाणपूरच्या कॉलेजातले ग्रंथपाल महाजन सर यांनी पोरांना पंधरा दिवस फुटबॉल शिकवला आणि त्या पंधरा दिवसांत एकदाही बॉल मैदानावर आणला नाही. बॉल होता. ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात, शब्दकोशांच्या मागे, कुलपात. पोरं विचारायची, "सर, बॉल कब निकालोगे?"

"बॉल त्यांच्याकडे असणार आहे. आपल्याला काय करायचा?" सर म्हणायचे.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकेतला. लांबट बॉल हातात घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला मिठी मारून पाडायचं. विद्यापीठाने सामने ठरवले तेव्हा आमच्या क्रीडाशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होत्या. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, संघ कोण घेणार? सगळे आपापल्या डायरीत बघू लागले. महाजन सरांनी हात वर केला. आयुष्यात कॅरमपलीकडे ते काही खेळलेले नव्हते. पण एखादी गोष्ट वाचायला घेतली की ती तळापर्यंत वाचायची, ही त्यांची खोड. चार दिवसांत नियमांचं पुस्तक दोनदा वाचून झालं, मोबाइलवर सामने थांबवून थांबवून पाहून झाले, आणि पाचव्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यापुढे तीन केळी मांडली. मी अर्थशास्त्र शिकवतो. मला वाटलं, केळीच्या भावाबद्दल काही विचारणार.

"इंदूरचं कॉलेज एकच डाव खेळतं," सर म्हणाले, "पण त्याला तोंडं तीन. बॉल ज्याच्या हातात येतो तो व्याही. त्याच्या पोटाजवळून एक दांडगा सरळ मधून घुसतो, तो मामा. आणि कडेकडेने हात पसरून एक पळत असतो, काहीतरी मिळेल म्हणून. तो जावई. आता हा व्याही समोरच्या आपल्या पोराचं तोंड पाहतो आणि मग ठरवतो. मामाला द्यायचा, आपणच न्यायचा, की जावयाकडे फेकायचा."

"मग अडवायचं कसं?"

"बॉलकडे बघायचंच नाही. एकाने मामा धरायचा, एकाने व्याही, एकाने जावई. त्याच्याकडे बॉल असो नसो, आपापला पाहुणा सोडायचा नाही." एवढं बोलून त्यांनी मामा सोलून खाल्ला.

त्यानंतर कॉलेजात कुठेही, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, सर पोरांना अडवून विचारायचे, "तुझा पाहुणा कोण?" एकदा प्राचार्य आपल्या खऱ्या जावयाला कॉलेज दाखवत होते. नेमकं त्याच वेळी धूलकोटच्या एका पोराने व्हरांड्यातून खणखणीत उत्तर दिलं, "जावई, सर. दिसला की पाडायचा." तो पाहुणा चहा न घेताच गेला.

सरावात सर स्वतः व्याही व्हायचे. पँट मोज्यात खोचलेली, चष्मा दोरीने बांधलेला, रिकाम्या हातांनी सुसाट पळायचे. जो त्यांच्या हातांकडे बघेल त्याला ग्रंथालयात बसून जुन्या पुस्तकांना कव्हरं घालायची शिक्षा. पहिल्या आठवड्यात आमचं निम्मं ग्रंथालय नवं दिसू लागलं. दुसऱ्या आठवड्यात पोरांनी सरांना रोज वीस वेळा पाडलं. सर उठून धूळ झटकायचे आणि पाडणाऱ्याला म्हणायचे, "बरोबर. परत."

जावयावर ठेवायला त्यांनी तुकईथडचा प्रवीण निवडला. काटकुळा, अबोल पोरगा. बाकीचे हसले. सर म्हणाले, "याला कंटाळा येत नाही. मला असाच पाहिजे."

सामना आमच्याच मैदानावर झाला. इंदूरवाले आधीच्या प्रत्येक संघाला धुऊन आले होते. आमच्या पोरांनी त्यांना अर्धा खेळ एकही गुण करू दिला नाही. मामा घुसला की मिठीत, व्याही वळला की मिठीत. उत्तरार्धात फक्त एकदा, मामावर ठेवलेला पोरगा लोभाने व्याह्याच्या मागे धावला आणि मामा बॉल घेऊन मोकळ्या मैदानातून निघून गेला. त्या एका धावेचे सहा गुण; शून्य-सहा असे हरलो. तरी गाव खूश होतं. मिठ्या मारणाऱ्या पोरांना लोकांनी खांद्यावर घेतलं.

प्रवीणकडे कुणी गेलं नाही. त्याच्या बाजूला सबंध सामन्यात बॉल आलाच नव्हता. प्रत्येक वेळी तो जावयाबरोबर कडेला पळत गेला आणि परत आला, इतकंच. त्याचे वडील केळीच्या बागेतलं काम टाकून बसने आले होते. ते सरांपाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, आमचं पोरगं नुसतंच पळालं. दुसऱ्याला घ्यायचं होतं."

महाजन सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. प्रत्येक डावाची एक ओळ होती. "हे बघा," ते म्हणाले, "सव्वीस वेळा त्या व्याह्याने बाहेर फेकायचं म्हणून मान वळवली. सव्वीसही वेळा तुमचा मुलगा तिथे होता, म्हणून त्याने फेकलं नाही. बाकीच्यांनी जे अडवलं ते दिसलं. याने जे अडवलं ते झालंच नाही, तर दिसणार कसं?"

वडिलांनी तो कागद मागून घेतला. त्यांना वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही. पण ते बराच वेळ बघत होते.

मी सरांना स्कूटरवर घरी सोडायला निघालो. चौकात त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "पुलाकडे घ्या. जैनाबादला जाऊ. आई असते तिथे, धाकट्याकडे."

वाटेत त्यांनी सांगितलं. त्यांची आत्या अकरा वर्षं अंथरुणावर होती. आईनेच सगळं केलं. वडील लोकांसमोर म्हणायचे, हिला घरात काम काय असतं? "पडून पडून होते तशी एकही जखम आत्याच्या पाठीला झाली नाही हो. डॉक्टरसुद्धा चकित झाले होते. झाली नाही म्हणून आम्हाला दिसली नाही. मीसुद्धा आईला कधी काही म्हटलं नाही."

आई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. सर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले, मातीने भरलेल्या पँटनिशी, आणि वाटेत मला सांगितलं तेच त्यांनी आईला पुन्हा सांगितलं, फक्त अडखळत. आई मेथी निवडत राहिल्या. एक काडी बाजूला टाकत म्हणाल्या, "एकदा झाली होती. टाचेला. मी कुनाला सांगितलं नव्हतं."

सरांनी पुढे होऊन त्यांच्या हातातली जुडी घेतली.

"कोणत्या टाचेला?" त्यांनी विचारलं.

"डाव्या," आई म्हणाल्या, आणि मग त्या सांगू लागल्या.