इनासकाकांचा बल्ब

इनासकाका घरात शिरणाऱ्याला आधी हात पाठीशी बांधायला लावत. पाहुणा असो, पाद्री असो, नाहीतर खुद्द मिठागराचा मालक. हात मागे, मगच पाय उंबऱ्याच्या आत. कारण दाराशेजारच्या भिंतीवर विजेचं पितळी बटण होतं. देवानं आज्ञा दहाच दिल्या, अकरावी काकांची: "बटनाला हात लावायचा न्हाय."

काका मूळचे उत्तनचे. भाईंदरच्या मिठागराच्या मालकानं बंगल्यासाठी वीज करणारं इंजिन आणलं, ते चालवायला काका आले आणि बायकोसह इंजिनाशेजारच्या खोलीत राहिले. एक तार त्यांनी त्या खोलीतही ओढली आणि तिला तो बल्ब लावला. मी मिठागराच्या कचेरीत कारकून. काकांच्या पलीकडची खोली मला पुढं चारेक वर्षांनी मिळाली. तेव्हा काका एकटेच होते. त्यानंतरचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. थोडं वाढवलं असेल, तर ते गोडीपुरतं.

बल्ब चांगला ढेरपोट्या, आत केसापेक्षा जाड काळी तार, उजेड पिकल्या हापूससारखा. तो आला कुठून, याच्या कथा तीन. सोमवारी तो खडकावर फुटलेल्या आगबोटीतला असे, बुधवारी एका साहेबानं खूश होऊन दिलेला, आणि रविवारी, चर्चमधल्या मिस्साहून आल्याआल्या खोटं बोलणं जड जाई म्हणून, मुंबईच्या जुन्या बाजारातला. बंगल्यातले नवेकोरे बल्ब महिन्या-दोन महिन्यांनी माना टाकत. हा वर्षानुवर्षं जळतोच आहे. घोडबंदरहून लोक बैलगाड्या जुंपून बघायला येत. एका म्हातारीनं तर त्याच्यापुढं नारळ ठेवला. आमच्या कोंबड्यांना रात्र म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. अंडी घालून घालून बिचाऱ्या काडीसारख्या झाल्या.

एक गोष्ट मात्र मला उमगत नसे. इंजिन तेलपाण्यासाठी थांबलं की बल्ब विझे, तेव्हा काका खुशाल विडी ओढत बसत. पण बटणाकडे कुणी नुसतं बोट केलं तरी अंगावर धावून येत.

मग लढाई आली, विमानांच्या भीतीनं रात्री काळोख पाळायचे हुकूम निघाले. तिन्हीसांजेला गस्तीवर एक वॉर्डन येई, उत्तरेकडचा, फार अदबीचा. पहिल्या दिवशी दारातूनच म्हणाला, "बाबा, दिया बढ़ा दीजिए." त्याच्या बोलीत दिवा बढ़ाना म्हणजे मालवणं, आपण बांगडी वाढवतो, तसं. काकांना ते कुठलं कळायला? सरकारला उजेड कमी पडतोय असं समजून त्यांनी बल्बमागं आरसा टांगला. तो उजेड म्हणे खाडीपलीकडं वसईच्या किल्ल्यावरून दिसला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डन अदब घरी ठेवून आला. बटण बंद करा, नाहीतर मीच करतो, असं म्हणत उंबरा ओलांडून त्यानं हात पुढं केला.

काका मध्ये आले, स्टुलावर चढले, आणि ज्या बल्बवर माशी बसू देत नसत तो तापलेला बल्ब त्यांनी उघड्या हातानं धरला, दाबला, फिरवला आणि काढला. काळोख झाला. वॉर्डनचं काम झालं, तो गेला.

पुढं लढाई संपेपर्यंत काका रोज सांजेला फडक्यानं बल्ब काढत आणि सकाळी लावत. एवढ्या हालांतही तो गेला नाही. पण त्या सांजेला फडकं घ्यायलाही सवड नव्हती. मी खोबरेल तेल आणून चाचपडत त्यांच्या भाजल्या बोटांना लावलं. म्हटलं, "काका, इतका जपलेला बल्ब, हातातच फुटला असता. बटण बंद केलं असतं तर?"

"बल्ब काय, दुसरा मिळंल," काका म्हणाले. मग त्यांनी बोटांवर फुंकर घातली.

"बटन तुझ्या काकीनं दाबलंय. तार जोडली त्या दिवशी. मी म्हटलं, पयला मान तुझा. डोळे मिटून, एका बोटानं दाबलं तिनं. म्हयन्यानं गेली. तवापासून त्येला कुणाचा हात लागला न्हाय, कारकून. माझाबी न्हाय."