ब्यर्केमीरच्या नव्या फेरीचं उद्घाटन

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा आर्नफिन न्हाणीघराच्या आरशासमोर उभा राहून भाषण पाठ करत होता. फोनवर यॉस्टाइन होता, आणि तो कण्हत होता.

"आर्नफिन, मी घसरलो रे."

"कुठे? टेकडीवर?"

"टेकडीवर कसला घसरतोय मी! घराच्या पायरीवर. लाकडं आणायला बाहेर पडलो, ते थेट पाठीवर. बायको म्हणते, हलू नकोस. म्हटलं, हलता येतंय कुठे?"

यॉस्टाइन हा स्की-क्लबचा यंत्रवाला. ब्यर्केमीरच्या टेकडीवर बर्फ दाबत जाणारं आणि मागच्या फणीने स्कीसाठी जोडीचे चर पाडणारं ते अवजड धूड त्याच्याशिवाय कोणी चालवत नसे. रात्रभर बर्फ पडून सगळ्या वाटा बुजल्या होत्या, आणि दुपारी स्कीच्या नव्या फेरीचं, म्हणजे गोल वाटेचं, उद्घाटन होतं. नगराध्यक्षबाई येणार होत्या, शाळेचा बँड येणार होता आणि नॉर्वेतला रविवार असल्यामुळे निम्मं शहर तसंही येणारच होतं.

"मग चालवणार कोण?" आर्नफिनने विचारलं.

"तूच की. वाट-समितीचा अध्यक्ष आहेस. यंत्र शिकायचा तो वर्ग केला होतास ना?"

"त्यात मी खिडकीशी बसलो होतो!"

"मग दिसलं असेल सगळं," यॉस्टाइन म्हणाला आणि पुन्हा कण्हायला लागला.

आर्नफिन धंद्याने दातांचा डॉक्टर होता. दवाखान्यात त्याच्यासमोरची माणसं तोंड उघडं ठेवून गप्प पडून असत, त्यामुळे त्याला तिथे बरं वाटायचं. समितीच्या सभेत मात्र सगळ्यांची तोंडं उघडी असत आणि गप्प कोणीच नसे. टेकडीवरची जुनी फेरी म्हणजे एक चढ, एक दलदल आणि एक असं वळण, की दर हिवाळ्याला एखादा मनगट धरूनच परतायचा. ती सुधारायची, मुलांना आणि म्हाताऱ्यांना झेपेल अशी नवी काढायची, तिच्यावर दिवे लावायचे, एवढीच आर्नफिनची इच्छा. सरळ रस्ता हाल्डिसबाईंच्या शेताला लागून जात होता. पण हाल्डिसबाई प्रत्येक सभेला यायच्या, काठी आपटून उभ्या राहायच्या आणि "माझ्या गोठ्याच्या मागून? अजिबात नको!" असं गरजायच्या. या बाईंनी एकदा अंगणात शिरलेल्या सांबराहून थोराड एल्कला झाडू घेऊन पिटाळलं होतं. समितीने मुकाट्याने फेरी पार पलीकडे, दलदलीवरून नेली. त्यासाठी पूल बांधावा लागला, आणि त्यात वर्षं गेली.

"गुनव्होर, मला यंत्र चालवायचंय," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. त्याचा चेहरा पाहून बायकोने वॉफलचं पीठ घोटायचं थांबवलं.

"मग चालव. नुसतं सरळ जायचं."

"वाट वाकडी आहे, गुनव्होर."

"मग वाकडं जा. आणि टोपी घाल."

टेकडीवर धुकं इतकं दाट होतं, की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. वाटेचे नवे दिवे होते, पण ते नगराध्यक्षबाईंच्या हस्ते लागायचे म्हणून बटणाच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली नगरपालिकेच्या तूरुनकडे होती. आर्नफिनने यंत्राचे दिवे लावले. समोर पांढऱ्याच्या जागी जास्त पांढरं दिसायला लागलं.

फाट्यापर्यंत तो कसाबसा पोचला. तिथून उजवीकडे वळायचं होतं. नव्या फेरीच्या कडेने श्रमदानाच्या दिवशी लाल काठ्या रोवल्या होत्या, त्या धरून जायचं, हे त्याने मनाशी घोकलं होतं. धुक्यात एक लाल काठी चमकली. मग दुसरी. आर्नफिनचा जीव भांड्यात पडला. काठीमागून काठी घेत तो पुढे गेला, चढ कसा सौम्य आहे, वळण कसं गोल आहे, याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. आपण उगाच घाबरलो, असं म्हणेपर्यंत समोर एक लाल भिंत आली.

भिंतीला दार होतं. दारावर घोड्याची नाल होती. तो हाल्डिसबाईंचा गोठा होता.

बर्फ उपसायच्या गाडीला रस्त्याची कड कळावी म्हणून बाईंनीही आपल्या रस्त्याला लाल काठ्या रोवल्या होत्या, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. डावीकडे घर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. पडदा हलला.

यंत्र मागे घ्यायचा खटका कुठला, ते आर्नफिनला काही केल्या आठवेना. मागे नाही तर गोल, असा विचार करून त्याने अंगणातल्या झेंड्याच्या खांबाभोवती वळसा मारला, तो चुकला, म्हणून आणखी एक मारला. निदान फणी तरी उचलावी म्हणून त्याने एक दांडी ओढली, तर फणीशेजारची पट्टी खाली आली आणि चरांच्या बाजूला झकास रुंद सपाट पट्टा तयार व्हायला लागला. तसाच तो आल्या रस्त्याने पळाला. त्यामुळे बाईंच्या अंगणापर्यंत जायचे चर वेगळे, यायचे वेगळे, अशी ऐसपैस दुहेरी वाट झाली. यॉस्टाइननेही अशी कधी पाडली नव्हती.

फाट्यावर आल्यावर फणी उचलायची दांडी सापडली. नको तेव्हा सापडली, कारण इथून पुढे फणी खाली हवी होती, आणि ती खाली कशी सोडायची हे कळेना. फणी वर धरूनच तो उजवीकडच्या वाटेला लागला. खऱ्या फेरीवरचा बर्फ यंत्राच्या चाकांवरच्या पट्ट्यांनी नुसता नांगरून निघाला.

पुलापाशी त्याने यंत्र थांबवलं. पूल यंत्राला पुरेल का, हे नकाशावर त्याने शंभरदा पाहिलं होतं, पण नकाशावर धुकं नव्हतं. तो बघायला खाली उतरला. यंत्र जरा कलतं उभं होतं, त्यामुळे दार आपल्याच वजनाने सावकाश मागे आलं आणि टक् करून बंद झालं. किल्ली आत, फोन आत, इंजिन चालू. आर्नफिनने दार ओढलं, ढकललं, शेवटी त्याला विनवलं. यंत्र पुलाच्या तोंडाशी घुरघुरत उभं राहिलं आणि वर मिनिटामिनिटाला पीं पीं करायला लागलं.

तो पायी परत निघाला, गुडघ्याएवढ्या बर्फातून. फाट्यावर आल्यावर त्याला गोठ्याकडची ती देखणी वाट दिसली. ही तरी बंद करायला हवी. त्याने लागलीच फरच्या झाडांच्या फांद्या मोडल्या आणि वाटेच्या तोंडावर आडव्या पसरल्या. आता इकडे कोणी येणार नाही. मग घाम पुसत तो मैदानाकडे धावला.

मैदानावर बँड वाजत होता. थंडीने तुताऱ्या अडकल्यामुळे मुख्यत्वे ढोलच वाजत होता. नगराध्यक्षबाई स्कीच्या कपड्यांवर पदाची साखळी घालून उभ्या होत्या आणि भाषणाच्या शेवटाला आल्या होत्या. आर्नफिनने तूरुनला गाठलं. ती नगरपालिकेत आराखडे पाहायची.

"तूरुन, ती वाट—"

"बघितली! सुरुवातीचे चर काय सुरेख आलेत हो. यॉस्टाइनच्या पाठीचं कळलं. तुम्ही एकट्याने केलंत?"

"तेच सांगतोय. एकट्याने केलं म्हणूनच—"

"श्शू. बटण दाबतायत."

नगराध्यक्षबाईंनी बटण दाबलं. टाळ्या पडल्या. दिव्यांची रांग धुक्यातून उजळत गेली आणि त्यामागून दीडदोनशे माणसं निघाली. नगराध्यक्षबाई पुढे, मुलं मध्ये, मागे पाठीवर कॉफीचे थर्मास.

"थांबा!" आर्नफिन ओरडला. नेमका त्याच वेळी एका तुतारीचा बर्फ वितळला आणि ती जोरात वाजली.

त्याने घाईघाईत स्की चढवल्या. स्कीच्या तळाला हवेप्रमाणे वेगवेगळं मेण लावावं लागतं; त्याने आदल्या दिवशीच्या कडक थंडीचं लावून ठेवलं होतं, आणि आज थंडी जरा कमी झाली होती. प्रत्येक पावलाला बर्फ तळाला चिकटायला लागला. थोड्याच वेळात तो एकेका पायाखाली एकेक उशी घेऊन चालत होता. बालवाडीतली एक मुलगी त्याला मागे टाकून गेली आणि जाताना "मेण चुकलंय" असं सांगून गेली.

फाट्यावर लोक क्षणभर थांबलेले त्याला दुरून दिसले. उजवीकडे दिवे होते आणि खाली उखणलेला बर्फ. डावीकडे अंधारलेलं होतं, पण चर असे होते की स्की आपोआप आत बसावी. ब्यर्केमीरला येणारा माणूस दिवे सोडेल, चर सोडणार नाही.

"आणि फांद्या बघा, दारात पसरल्यात स्वागताला!" नगराध्यक्षबाई म्हणाल्या. नाताळात घरोघरी उंबऱ्यापुढे फरच्या फांद्या घालतात, हे आर्नफिनला आत्ता आठवलं. सगळी मंडळी फांद्यांवरून अदबीने पलीकडे गेली आणि डावीकडे दिसेनाशी झाली.

पुढची वाट आर्नफिनने कशी कापली, त्याचं त्याला ठाऊक. डोळ्यांपुढे हाल्डिसबाईंचा झाडू होता. झाडूपुढे साखळी घातलेल्या नगराध्यक्षबाई पळताहेत, मागे मुलं रडताहेत, उद्याच्या पेपरात फोटो आहे आणि दवाखान्यातले पेशंट तोंड उघडायलाच तयार नाहीत. आपण गाव सोडून बहिणीकडे बेर्गनला जावं, तिथे निदान बर्फ टिकत नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तो अंगणात पोचला तेव्हा मुलं झेंड्याच्या खांबाभोवती गोल गोल फिरत होती. खांबावर झेंडा चढवलेला होता. लोक थर्मास उघडून पायऱ्यांवर टेकले होते. आणि पायऱ्यांच्या वर, सणासुदीचं लोकरीचं जाकीट घालून, हाल्डिसबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"आर्नफिन," त्या म्हणाल्या, "इकडे ये."

आर्नफिन पायाखालच्या उशा ओढत पुढे गेला.

"हाल्डिसबाई, माझी चूक झाली. धुकं होतं. मी आत्ता सगळं बुजवून टाकतो, हाताने बुजवतो—"

"बुजवून बघ!" बाईंनी काठी आपटली. "इतकी वर्षं सांगतेय, तेव्हा कुठे आज वाट आली, आणि बुजवतोय म्हणे."

"पण तुम्हीच तर नको म्हणत होता ना! प्रत्येक सभेत!"

"गोठ्याच्या मागून नको म्हणत होते. मागे काय आहे? शेणाचा ढीग. माझ्या खिडक्या सगळ्या पुढे आहेत. गुडघे गेल्यापासून मी स्कीवर पाय ठेवलेला नाही. निदान लोक जाताना दिसावेत, म्हणून म्हणत होते, पुढून न्या. पण तुमच्या सभेत 'नको' एवढंच कानावर पडायचं. पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेतोवर तुम्ही नकाशा बदललेला असायचा."

त्या पुलाचा एकेक खांब आर्नफिनच्या डोळ्यांपुढून गेला.

"दोनदा का फिरलास खांबाला?" बाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

"यंत्र मागे घेता येत नव्हतं."

"हं. कोणाला सांगू नकोस. पोरांना आवडलंय."

नगराध्यक्षबाई हातात कॉफी घेऊन आल्या. "शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाहीत हं! आम्हाला वाटलं फेरी दलदलीतून आहे."

"अहो, दलदलीतूनच आहे. मी चुकून—"

"आणि विनयसुद्धा बघा," त्या तूरुनला म्हणाल्या. तूरुन आर्नफिनच्या स्कीला चिकटलेल्या बर्फाकडे पाहत होती. तेवढ्यात गुनव्होर वॉफलची टोपली घेऊन पोचली. तिने नवऱ्याच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं आणि तपकिरी चीज घातलेलं एक वॉफल त्याच्या उघड्या तोंडात सारलं, म्हणून पुढचा कबुलीजबाब राहिला.

मंगळवारी दुपारी तूरुन दवाखान्यात आली. तिला दाताची तक्रार नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने मांडीवर नकाशा पसरला. अंगणाची वाट आता कायमची मंजूर करायची होती. दिवे तिकडे हलवायचे होते. पूल राहू देणार होते, सहलीला येणाऱ्यांसाठी.

"सगळं मोजून आले," ती म्हणाली. "फक्त एक कळलं नाही. बर्चच्या झाडांपाशी वाट एकदम डावीकडे जाते आणि परत उजवीकडे येते. मंजुरीला कारण लिहावं लागतं. हे वळण कशासाठी?"

आर्नफिनने हातमोजे काढले. खोटं बोलायचं त्याच्या अंगात नव्हतं, आणि दोन दिवस त्याला नीट झोपही नव्हती.

"तिथे मला शिंक आली," तो म्हणाला.

तूरुनने मान हलवली आणि लिहिलं. लिहिता लिहिता ती मोठ्याने म्हणाली, "उतारावर... वेग... आटोक्यात राहावा... म्हणून." मग तिने नकाशाची घडी घातली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"आर्नफिन, पलीकडच्या टेकडीवरचा आमचा आराखडा बरीच वर्षं अडकलाय. सहा शेतकरी आहेत, सहाही जण नको म्हणतात. तुम्ही गुरुवारी मोकळे आहात का? यंत्र आम्ही देऊ."

"मला ते नीट चालवता येत नाही हो," आर्नफिन काकुळतीने म्हणाला.

"माहितीये," तूरुन म्हणाली. "गुरुवारी धुकं आहे."